बसल्या जागी दमणारे मासे

नुसतं बसून राहण्याबद्दल पगार मिळणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण नेमणूकच बसण्यासाठी झाली आहे, असा माणूस विरळा. नदीकाठच्या मत्स्य संशोधन केंद्रात तसा एक होता. कागदोपत्री तो प्रयोगशाळा मदतनीस. बाकी सगळं केंद्र त्याला निवांतराव म्हणायचं, आणि सव्वीस वर्षांत हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं, की टपालवाल्याने खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून.

त्याची खोली केंद्राच्या मागच्या अंगाला होती. बाहेर कितीही ऊन असो, आत दहा अंश. उन्हाळ्यात लोक रुमालाने मान पुसत यायचे तेव्हा हा कानटोपी घालून चाललेला असायचा. आत हिरवट उजेडाचा एक दिवा, दोन लांबट टाक्या आणि भिंतीशी काचेच्या जाड नळ्यांची एक रांग. एकेका नळीत एकेक ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, सोडायचा. दोन दिवस त्याला खायला दिलेलं नसायचं, कारण अन्न पचवायलासुद्धा श्वास लागतो. मग नळीची दोन्ही तोंडं बंद करायची आणि आतल्या पाण्यातला प्राणवायू अर्ध्या तासात किती कमी होतो, ते यंत्राच्या काट्यावर बघायचं. मासा काहीही न करता, जागच्या जागी, नुसतं जगायला किती खर्च करतो, ते यावरून कळायचं.

अडचण एवढीच, की मासा घाबरला तर आकडा फुकट. कोणी खोकलं, चप्पल वाजली, भिंतीवर सावली हलली, की संपलं. आणि आकडा लिहायला, कल्ल्यांची उघडझाप मोजायला तिथे माणूस तर हवा. म्हणजे माणूस हवा, पण नसल्यासारखा हवा. शिकलीसवरलेली तरुण मंडळी यायची आणि दहा मिनिटांत नाक खाजवायची. निवांतराव मात्र स्टुलावर बसायचा, हात गुडघ्यांवर ठेवायचा आणि हळूहळू खोलीतून वजा व्हायचा. मासा आधी एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहायचा. मग कधीतरी बघणं सोडून द्यायचा. ते सोडून देणं निवांतरावला बरोबर कळायचं, आणि तिथून तो मोजायला लागायचा.

त्या हिरव्या उजेडात पाव तास गेला की त्याला स्वतःचे हात कुठे संपतात ते कळेनासं व्हायचं. स्टूल बोटभर वर तरंगतंय असं वाटायचं. काचेच्या कोणत्या बाजूला पाणी आहे, हाही प्रश्न पडायचा, पण त्याचं उत्तर शोधावंसं वाटायचं नाही. कल्ले उघडायचे, मिटायचे, उघडायचे. ही झोप नव्हती. घरी बायको म्हणायची, "झोपच असते हो ती, फक्त तुम्ही डोळे उघडे ठेवून झोपता. माशांकडून शिकलात." यावर तो वाद घालायचा नाही. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्यापुढे त्याचं काही चालायचंही नाही.

केंद्रातल्या मोठ्या मॅडमनी त्या वर्षी एक प्रयोग लावला होता. गावाचं सांडपाणी गटाराच्या तोंडातून नदीत पडायचं. त्याच्या खालच्या अंगाचं पाणी एका टाकीत, आणि डोंगरातल्या झऱ्याचं स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत. दोन्हीत सारखे मासे, सारखा थंडावा, सारखं खाणं. तीन महिने. मग सगळे आकडे घेऊन नगरपालिकेच्या सभेत जायचं आणि सांगायचं, की बाबांनो, सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बांधा. नगरपालिकेचं म्हणणं होतं की नदी वाहती आहे, घाण आपोआप पुढे जाते, आणि मासे तर जिवंत दिसतात.

"जिवंत आहेत हो," मॅडम एकदा निवांतरावला म्हणाल्या होत्या. त्या त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, त्याला काका म्हणायच्या. "पण कसे जगतात ते बघा ना, काका. घाणीत अमोनिया असतो, त्याने कल्ले सुजतात. पाण्यातला निम्मा प्राणवायू घाण कुजण्यातच जातो. मग तेवढाच श्वास घ्यायला मासा दुप्पट धडपडतो. पोटात गेलेलं विष काढायला यकृत दिवसभर राबतं. खाल्लेलं सगळं यातच संपतं. वाढायला काही उरत नाही, पोहायला उरत नाही, अंडी धरायला तर नाहीच."

"म्हणजे बसल्या जागी दमतो," निवांतराव म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे मी चाळीस पानांत लिहिलंय," त्या म्हणाल्या.

पहिल्या महिन्यात आकडे अगदी शहाण्यासारखे वागले. झऱ्याच्या टाकीतला मासा मिनिटाला साठ-बासष्ट वेळा कल्ले हलवायचा. गटाराच्या टाकीतला नव्वदच्या पुढे. प्राणवायूचा काटाही तीच गोष्ट सांगायचा. मॅडम खूश होत्या, आणि निवांतरावला आपल्या बसण्याचा पहिल्यांदाच थोडा अभिमान वाटत होता.

दुसऱ्या महिन्यात त्याची बायको आजारी पडली.

हृदयाची एक झडप ढिली झाली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, दोन महिने अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. खिडकीशी पलंग लावून ती पडून असायची. दुपारी चारपर्यंत शेजारीणबाई येऊन बसायच्या, पण पुढे त्यांना त्यांचं घर होतं. पहिल्याच संध्याकाळी निवांतराव पलंगाशी बसला आणि सवयीने मोजायला लागला. अठ्ठावीस. निजलेल्या बाईचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस! जिने आयुष्यभर धावपळ केली, ती आता नुसती पडून दमत होती. "काय मोजताय?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने सांगितलेली ही पहिली खोटी संख्या.

आता पाण्याची गोष्ट. झऱ्याचं पाणी आणायचं कामही निवांतरावचंच होतं. आठवड्यातून तीनदा तीनचाकी टेम्पोत मोठा ड्रम टाकून तो डोंगरात जायचा. झरा बारीक होता. पाईप लावला की ड्रम भरायला सव्वा तास लागायचा. एरवी तो तिथेही निवांत बसायचा. पण आता तिथे बसवेना. चार वाजून गेलेले असायचे, पाणी आपल्या चालीने पडत असायचं आणि घरी ती एकटी असायची.

वाटेत पूल होता. गटाराचं तोंड पुलाच्या कितीतरी खाली, गावाच्या पार शेवटाला. पुलाखाली पाणी असं नितळ, की तळचे गोटे मोजून घ्यावेत. हात घातला तर झऱ्याइतकंच गार. आणि पुलाच्या वरच्या अंगाला फक्त त्याची स्वतःची आळी, तीसेक घरं. मोटरपंप खाली सोडला की दहा मिनिटांत ड्रम भरायचा. एका सोमवारी त्याने पंप सोडला, पाच मिनिटं चालत घरी गेला, बायकोला औषध दिलं, उशी सारखी केली आणि परत येऊन पंप काढला. तापमान झऱ्याचं होतं तेच. प्राणवायूचा काटाही जवळजवळ तिथेच. काय बिघडलं?

बुधवारी पुन्हा तेच. शुक्रवारी तर त्याने डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही.

पाण्याची पुरती तपासणी महिन्यातून एकदाच, मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची. त्या दिवशी बाटली भरायला मॅडम स्वतः टेम्पोत बसून यायच्या. त्या दिवशी अर्थातच झरा. सव्वा तास दोघं दगडावर बसून राहायची, मॅडम त्याला आपल्या लेकीच्या खोड्या सांगायच्या आणि तो हसायचा. त्याला त्या दगडावर बसणं किती टोचायचं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं नाही. नसल्यासारखं बसायची सवय अशीही कामी येते.

तिसऱ्या महिन्यात झऱ्याच्या टाकीतले मासे दमायला लागले.

आधी अडुसष्ट. मग चौऱ्याहत्तर. मग एके दिवशी ऐंशी. निवांतरावने तीनदा मोजलं आणि तीनदा ऐंशी लिहिलं. आकड्यात फेरफार करायचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. माणसाचं प्रामाणिकपण असं विचित्र जागी शाबूत असतं. त्याला आधी वाटलं, आपलंच चुकतंय. आपल्या मनात चलबिचल आहे, ती काचेतून आत जाते आणि मासा बिचकतो. म्हणून तो आणखी स्तब्ध बसायला लागला. श्वास इतका बारीक करायचा, की छातीवरचं स्वेटरचं बटण हलू नये. हिरवा उजेड डोळ्यांत भरून यायचा. मासा नळीत अधांतरी उभा असायचा, आणि बघता बघता त्या काचेत त्याला खिडकीशी लावलेला पलंग दिसायचा, उशी दिसायची, उशीवरचे मोकळे केस पाण्यात हलावेत तसे हलायचे. कल्ले उघडायचे, मिटायचे. तो दचकून भानावर यायचा. समोर मासाच असायचा, त्याच्याकडे एका डोळ्याने बघत. तो बघणं सोडत नव्हता.

"काका, कुठेतरी पाणी मुरतंय," मॅडम म्हणाल्या. टेबलावर सगळे तक्ते पसरले होते. "दोन टाक्यांत फरकच राहिला नाही. नव्वद आणि ऐंशी. याला कोण फरक म्हणेल? मासे आपापल्या आजाराने दमले, असंच म्हणतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "गुरुवारी सभा आहे. मी काय सांगू? सांडपाण्याने विशेष काही होत नाही, हेच सांगावं लागेल. आकडे तेच म्हणतायत."

निवांतराव उभा होता. त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि सव्वीस वर्षांत त्याने जमवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे निवांतरावने लिहिलं म्हणजे बरोबर, हे नाव. तो "हो मॅडम" म्हणाला आणि बाहेर आला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोला जरा बरं होतं. तिने उशीला टेकून चहा घेतला आणि रोजच्यासारखं विचारलं, "तुमचे मासे काय म्हणतात?"

आणि त्याने सांगून टाकलं. पूल, पंप, दहा मिनिटं, मॅडमबरोबर दगडावर बसणं, सगळं. सांगताना तो पलंगाच्या पायाकडे बघत होता.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला लवकर सोडतात."

"तू एकटी होतीस."

"होते ना. मग मला विचारायचं होतं. मी सांगितलं असतं, जा डोंगरात, तासभर मी काही मरत नाही." तिला धाप लागली. तिने हातानेच त्याला थांबवलं आणि धाप खाली बसू दिली. "अहो, आजार माझा आहे. लबाडी तुमची आहे. ती माझ्या नावावर खपवू नका."

इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको काय बोलेल याचा अंदाज असतो. निवांतरावला हा अंदाज नव्हता. त्याचे डोळे भरून आले, आणि तिने ते न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलापुढे त्याने कानटोपी काढून हातात धरली आणि एका दमात सांगितलं. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"तीन महिने, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तुमच्यावर डोळे मिटून... दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. तुमच्यावर ओरडताही येत नाही मला."

"ओरडा, मॅडम."

त्या ओरडल्या नाहीत. खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. निवांतराव ज्या स्तब्धपणाची भाकरी खायचा तो आता त्याच्या अंगावर आला. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मग मॅडम वळल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी वेगळीच होती.

"कोणत्या तारखेपासून पुलाचं पाणी?"

त्याने तारीख सांगितली. मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि पुढे सरकवत नेलं. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. ऐंशी.

"काका, हे मासे आजारी नव्हते," त्या म्हणाल्या. "पाणीच तसं होतं. म्हणजे गटाराच्या इतकं वरही घाण आहे. पुलाच्या वर काय आहे?"

इतके दिवस तो आपल्या अपराधाला कुरवाळत बसला होता, आणि हे एवढं साधं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आमची आळी," तो म्हणाला.

गुरुवारी सभेत मॅडमनी उभं राहून सांगितलं की आकड्यांत चूक झाली आहे, प्रयोग पुन्हा करावा लागेल. चूक कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही. नगरपालिकेचे साहेब एकदम प्रसन्न झाले. "मग विषय संपला," असं म्हणून त्यांनी फाईल मिटायला घेतली. मागच्या बाकांवर गावातली माणसं होती, त्यात आळीतलीही होती, शेजारीणबाईसुद्धा. निवांतराव कडेला बसला होता. तो उठला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. तो उठलेला कधी कोणी पाहिला नव्हता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी झऱ्याचं सांगून पुलाखालचं पाणी आणलं. मला ते स्वच्छ वाटलं. का वाटलं ते मी दोन दिवस विचार करतोय. वर माझंच घर आहे, म्हणून वाटलं. आपल्या घरचं पाणी घाण असेल असं कोणाला वाटतं? पण त्या पाण्यात मासे दमले. त्यांचे श्वास मी स्वतः मोजलेत. त्यामुळे साहेब, विषय संपला नाही. विषय वर सरकला."

साहेबांनी नाखुशीने फाईल पुन्हा उघडली. शेजारीणबाई मात्र वळून बघत होत्या. दोन महिने ज्यांनी त्याच्या घरात बसून त्याच्या बायकोला पाणी पाजलं, त्यांचा चेहरा त्याला बघवेना.

"म्हणजे आमच्या मोऱ्या, आमचे संडास नदीत जातात असं म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. "प्रत्येकाची टाकी आहे, झाकण आहे. कोणाचं जातं ते सांगा ना."

"ते उघडून बघावं लागेल."

"मग आधी कोणाचं उघडायचं?"

"माझं," निवांतराव म्हणाला.

सभेचा निकाल एवढाच लागला, की चार महिन्यांनी पुन्हा बसायचं, आणि या खेपेला टाक्या तीन, झऱ्याची, पुलाची आणि गटाराची. निवांतरावला लेखी समज मिळाली, टेम्पोची किल्ली काढून घेतली गेली. स्टूल मात्र मॅडमनी काढून घेतलं नाही. त्यांनी तसं का केलं, ते त्या कोणाला सांगायला बसल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्याने घरामागची माती उकरायला घेतली. आळीतले चौघे-पाच जण कुंपणाशी उभे होते, शेजारीणबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. खिडकीत बायको उशीला टेकून बघत होती. संडासाच्या टाकीचं झाकण जागच्या जागी होतं, कडेला तडाही नव्हता. त्याला आशा वाटायला लागली. कदाचित आपलं नसेलच. कदाचित वरच्या कोणाचं असेल. ही आशा किती हलकी आहे ते कळत असूनही ती त्याने धरून ठेवली आणि टाकीच्या मागच्या बाजूने फावडं घातलं.

कोपरभर खाली फावडं कशावर तरी वाजलं. त्याने हातांनी माती बाजूला केली. मनगटाएवढ्या जाडीचा करडा पाईप, टाकीच्या बरोबर गळ्यातून निघालेला, कुंपणाखालून सरळ उताराला लागलेला. सांध्यावर निळी चिंधी आवळून बांधली होती आणि वरून सिमेंट थापलं होतं. त्या सिमेंटवर चार बोटं उमटली होती.

तेव्हा त्याला आठवलं. बावीस वर्षांपूर्वीची दुपार. टाकी सारखी भरायची, उपसायला माणूस मिळायचा नाही, आणि मेहुणा म्हणाला होता, भावजी, एक पाईप काढून देऊ, वरचं वर निघून जाईल, कटकटच नको. दोघांनी दुपारभरात काम उरकलं होतं. निळी चिंधी मेहुण्याच्या जुन्या सदऱ्याची. केवढे खूश होते दोघंही त्या दिवशी. पुन्हा टाकी कधी भरली नाही, आणि का भरत नाही असं बावीस वर्षांत त्याच्या मनातही आलं नाही.

त्याने आपली बोटं त्या ठशांत ठेवली. बरोबर बसली.

"सापडलं का हो काही?" खिडकीतून बायकोने विचारलं.

"सापडलं," निवांतराव म्हणाला. "मीच घातलाय."